गाणं पाठ, स्वर अनोळखी

झरी जामणी तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. नदीच्या अलीकडे वऱ्हाडी मराठी, गोंडी आणि कोलामी बोलली जाते, पलीकडून तेलुगू येते, आणि गाणी तर कुठलीच सीमा मानत नाहीत. 'आरआरआर' हा तेलुगू चित्रपट 2022 मध्ये आला. त्यातला एक नायक आसिफाबादकडचा गोंड पुढारी कोमराम भीम याच्या नावावर बेतलेला, म्हणजे एका अर्थी शेजारच्या मुलखातलाच. त्यातलं 'नाटू नाटू' तेलुगूचं अक्षरही न कळणारी पोरं गुणगुणतात. शब्दांची पार मोडतोड होते, चाल मात्र बहुधा शाबूत राहते. आता त्याच पोराला विचारा, बाबा, तू जो पहिला स्वर लावलास तो सा होता, प होता की आणखी कुठला? उत्तर येणार नाही. 'मला कुठं गाणं येतं' असं म्हणून तो मोकळा होईल.

इथेच गंमत आहे. चाल बरोबर म्हणायची तर प्रत्येक स्वर मागच्या स्वरापासून नेमका किती वर किंवा खाली आहे हे कुठेतरी ठाऊक असावंच लागतं, नाहीतर गळा तिथे पोचणारच नाही. तरीही जे गळ्याला ठाऊक आहे ते तोंडाने सांगता येत नाही. संगीत शिकणाऱ्यांच्या भाषेत 'कान तयार होणं' म्हणतात ते बरंचसं ही दरी बुजवणंच आहे. ज्या तालुक्यात संगीताचा शिक्षक हाताशी नाही तिथे या कामाला सगळ्यात सोयीचा माल म्हणजे मोबाईलवर वाजणारी, लग्नात नाचवणारी, शाळेत म्हटली जाणारी गाणीच आहेत, असं या लेखाचं म्हणणं आहे. संगीताच्या जाणकारांना ते सहजी पटणार नाही. त्यांचे आक्षेप खरेही आहेत, पण आधी कान काय करतो ते पाहू.

मेंदू अंतर साठवतो

स्वर म्हणजे हवेतली आंदोलनं. तार किंवा स्वरयंत्र सेकंदाला जितक्या वेळा थरथरतं तितका स्वर उंच. आपल्याकडच्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत सा 240 आंदोलनांचा धरायची रीत आहे. त्या हिशेबाने प 360 चा आणि वरचा सा 480 चा. पण सा 240 लाच असला पाहिजे असं काही नाही. कुणी 200 वर सा धरला तर त्याचा प 300 वर येतो. दोन्हीकडे सा आणि प यांचं नातं 2 ला 3 हेच राहतं. कानाला ओळख पटते ती या नात्याची. म्हणून बाईने काळी चारच्या पट्टीत आणि बुवांनी काळी एकच्या पट्टीत म्हटलेलं तेच भजन आपल्याला तेच वाटतं, जरी भजनातल्या एकाही जागी दोघांचा स्वर आंदोलनांच्या हिशेबात जुळत नसला तरी.

याचा अर्थ मूळ उंची आपण विसरूनच जातो असा मात्र होत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी 1994 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. 46 विद्यार्थ्यांना त्यांची आवडती लोकप्रिय गाणी आठवून गायला सांगितली आणि त्यांनी पकडलेली पट्टी मूळ रेकॉर्डशी ताडून पाहिली. दोन प्रयत्नांपैकी निदान एकदा तरी नेमक्या मूळ स्वरावर उतरलेले विद्यार्थी 40 टक्के निघाले, आणि हे काही निवडक गवई नव्हते. पुढे 2003 मध्ये ग्लेन शेलेनबर्ग आणि सँड्रा ट्रेहब यांनी टीव्ही मालिकांची सुरुवातीची धून एक-दोन अर्धस्वरांनी, म्हणजे पेटीच्या एक-दोन घरांनी, सरकवून सामान्य श्रोत्यांना ऐकवली. खरी कुठली हे श्रोते नुसत्या अंदाजाने साधेल त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर सांगू शकले.

हे लोकप्रिय संगीताच्या बाबतीतच का घडतं? कारण उघड आहे. एकच भजन आज या पट्टीत, उद्या त्या पट्टीत होतं, पण चित्रपटगीताचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐका की हजाराव्यांदा, ते त्याच पट्टीत, त्याच लयीत, त्याच आवाजात वाजतं. इतकी तंतोतंत उजळणी कुठलाही गुरू करून घेणार नाही. ती वर्षानुवर्षं आपोआप होत राहते, आणि ऐकणाऱ्याला आपण काही शिकतोय याचा पत्ताही नसतो.

सगळ्यात आधी सा

मग नावं का सांगता येत नाहीत? कारण नाव हे स्वराला सुटं मिळत नाही. 300 आंदोलनांचा स्वर एका गाण्यात ग असेल, दुसऱ्यात प, तिसऱ्यात सा. मळणीच्या खळ्यात मधोमध मेढ रोवलेली असते आणि पातीचे बैल तिच्याभोवती फिरतात. आतला बैल जवळून जातो, बाहेरचा लांबून, पण प्रत्येकाचं अंतर मोजायचं ते मेढीपासूनच. गाण्यातली ती मेढ म्हणजे सा. मेढ कुठे रोवली आहे हे न पाहता बैल कितव्या फेऱ्यात आहे असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. स्वरज्ञानाचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. मुलं सारेगम घोकतात, पण समोर वाजणाऱ्या गाण्यात सा शोधायला त्यांना कुणी सांगत नाही.

शोधायची रीत सोपी आहे. गाणं चालू असताना ओठ मिटून एकच स्वर धरायचा, न हलवता. तो काही ठिकाणी बोचेल. मग थोडा वर किंवा खाली सरकायचा. एक स्वर असा सापडतो की गाणं कुठेही गेलं तरी तो फारसा खटकत नाही, आणि मुखडा संपताना गायक बहुधा त्याच्यावरच येऊन टेकतो. तोच सा. कधी कधी प हाती लागतो, कारण तो साच्या इतका जवळचा नातलग आहे की तंबोऱ्यातही त्याच्या बरोबरीने छेडतात. फरक ओळखायचा तो शेवटावरून. तुम्ही धरलेल्या स्वरावर गाणं थांबवलं आणि ते पुरं झाल्यासारखं वाटलं तर सा, अजून काहीतरी यायचं राहिलं असं वाटलं तर दुसरा कुठला तरी.

याचा पडताळा दोन अशा गाण्यांवर घेता येतो जी माहीत नाहीत असं मूल सापडणार नाही. पहिलं 'जन गण मन'. त्याच्या नावातली सहा अक्षरंच घ्या: सा रे ग ग ग ग. सा वरून दोन पायऱ्या चढायच्या आणि ग वर थांबून राहायचं. शाळेत रोज म्हणणाऱ्या प्रत्येकाला शुद्ध ग असा फुकटात मिळालेला आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. आता शेवटाकडे जा. राष्ट्रगीत सा वर संपत नाही. सा रे ग असं पुन्हा वर चढत शेवटच्या अक्षरावर आपण म वर उभे असतो. गीत म्हणून झाल्यावर लगेच मनातल्या मनात पहिला सा आठवून पाहिला तर हा वर राहिलेला पाय लक्षात येतो. इतकी वर्षं म्हणूनही हे बहुतेकांच्या ध्यानात आलेलं नसतं.

दुसरं 'हॅपी बर्थडे'. हे आता केक कापला जातो त्या प्रत्येक घरात पोचलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरात तिसऱ्या ओळीला फसतं. कारण त्याची सुरुवात सा पासून नाही, खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकातल्या प पासून आहे: प प ध प सा नि. सुरू करणारा आपल्या सवयीच्या आवाजात सुरू करतो आणि तिसऱ्या ओळीतल्या 'बर्थ' या अक्षरावर त्याच प च्या बरोबर दुप्पट उंचीवर उडी मारावी लागते. सा 240 धरला तर 180 वरून थेट 360 वर. सुरुवात उंच झाली असेल तर तिथे कुणी किंचाळतं, कुणी मुकाट्याने खाली घसरतं, आणि उरलेली ओळ तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हटली जाते. तरीही शेवट सा वर असल्याने सगळे पुन्हा एकत्र येतात. एवढ्याशा गाण्यात सातही शुद्ध स्वर येतात. ज्याला हे गाणं स्वरांच्या नावांसह म्हणता आलं त्याने एका सप्तकाची झेप आणि त्यातली प्रत्येक पायरी हाताळली असं समजायला हरकत नाही.

कोमल स्वरांची ओळख

आतापर्यंतचा मामला शुद्ध स्वरांचा झाला. पेटीवर सा ते नि या सात पट्ट्यांखेरीज आणखी पाच असतात: कोमल रे, ग, ध, नि आणि तीव्र म. या स्वरांची पुस्तकी व्याख्या ऐकून काही हाती लागत नाही. शाळेच्या परिपाठातच मात्र तुलना तयार असते. राष्ट्रगीत जवळजवळ सगळं शुद्ध स्वरांचं आहे. अनेक शाळांत प्रार्थना म्हणून म्हटलं जाणारं 'ऐ मालिक तेरे बंदे हम' हे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (1957) मधलं, वसंत देसाई यांनी चाल दिलेलं गाणं भैरवीच्या अंगाचं आहे, आणि भैरवीचा रंग कोमल स्वरांचा. दोन्ही गाणी एकाच सा वरून लागोपाठ म्हणून पाहावीत. सा आणि प जागचे हलत नाहीत, मधले स्वर मात्र खाली उतरून बसतात. या उतरण्याने भाव बदलतो हे प्रत्येकाला कळतं. कुठली पायरी उतरली हे बोट ठेवून सांगता येणं हा कानाचा पुढचा टप्पा.

एका वेळी एकच थर

आजच्या गाण्यांत एक अडचण आहे जी भजनात नसते. तंबोरा किंवा पेटीचा धरून ठेवलेला सा तिथे ऐकू येत नाही. त्याजागी खाली बेस गिटारचा स्वर सतत बदलत असतो आणि मध्ये तीन-तीन स्वर एकदम वाजत असतात. या एकत्रित स्वरांना कॉर्ड म्हणतात. सा, ग, प हे तिन्ही शुद्ध एकदम वाजले तर एक मोकळा, उजळ परिणाम होतो. त्यातला फक्त ग कोमल केला की तोच समूह झाकोळतो. 'सैराट' (2016) मधलं 'याड लागलं' घ्या. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. गायकाच्या आवाजामागे व्हायोलिनांचे थर आहेत. एरवी आपण हे सगळं एकच गाणं म्हणून ऐकतो. कान तयार करायचा तर एका वेळी एकाच थराचा पाठलाग करायला हवा: एकदा फक्त सर्वात खालचा स्वर, एकदा फक्त व्हायोलिन, एकदा फक्त ठेका.

त्यासाठी मोबाईलचा स्पीकर कामाचा नाही. इतक्या लहान पडद्यातून खालचे स्वर नीट बाहेरच पडत नाहीत, आणि आपण त्यांचा अंदाज बांधून गाणं पुरं करतो. साधे इअरफोन लावले तरी गाण्याचा तळ ऐकू येतो. यूट्यूबवर वेग निम्म्यावर आणायची सोय आहे, आणि त्यात लय मंदावते पण पट्टी बदलत नाही. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात फीत हळू केली की आवाज घोगरा होऊन खाली जायचा. आज फुकट मिळणारी ही गोष्ट त्या काळी भल्याभल्यांना मिळाली नव्हती.

ठेक्याचंही तसंच. 'नाटू नाटू' सहाच्या हिशेबात चालतं, आणि भजनी मंडळातला खंजिरीवाला ज्याला दादरा म्हणतो त्याच्याही मात्रा सहाच. केरवा आठ मात्रांचा. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी विदर्भाच्या गावोगावी रुजली आहे, तेव्हा सहा आणि आठ यांतला फरक इथल्या हाताला माहीतच असतो. तो बोटांवर मोजत एखाद्या चित्रपटगीताला लावून पाहायचा, इतकंच.

> चौकट: एका गाण्याचा सराव
> पाठ असलेलं एकच गाणं घ्या आणि ते आठवडाभर बदलू नका. आधी गाणं न लावता मुखडा गुणगुणा, मग मूळ लावून आपली पट्टी जुळली का ते पाहा. ओठ मिटून सा शोधा. मुखड्याचा पहिला आणि शेवटचा स्वर सा पासून किती पायऱ्यांवर आहेत ते गाऊन मोजा. गाणं मध्येच थांबवा आणि पुढचा स्वर आपण लावा, मग ऐका. पडताळा शेवटी पेटीवर घ्या, आधी नको. पेटी आधी वाजवली तर डोळा आणि बोट शिकतात, कान मागे राहतो.

'पण हे उथळ संगीत आहे'

पहिला आक्षेप देणगीचा. सूर उपजत असावा लागतो, नसेल तर कितीही ऐका, असं म्हणतात. ज्यांना चालीतला फरकच कळत नाही अशी माणसं असतात, पण त्यांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण दीड ते चार टक्के निघालं आहे. उरलेल्यांत स्वतःला बेसूर समजणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांचा कान ठीक असतो, गळ्यावर ताबा नसतो. दुसऱ्याने एक स्वर चुकीचा लावला की ते दचकतात, आणि कान ठीक असल्याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवसभर गाणी कानावर पडत असूनही लोकांचा कान तयार झालेला दिसत नाही, तेव्हा गाण्यांनी काय साधलं? याचं उत्तर वर येऊन गेलं आहे. कानावर पडल्याने साठा होतो, त्यातलं काय कुठे आहे ते आपोआप कळत नाही. त्यासाठी गाणं थांबवावं लागतं, परत म्हणावं लागतं, चुकावं लागतं. नाचताना हे होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. उलट डीजेच्या भिंतीसमोर तासन्तास उभं राहिलं तर होता तो कानही जाईल. 85 डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणं धोक्याचं मानतात. वरातीतला आवाज त्याच्या खूपच वर जातो, आणि आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. आजची गाणी कीबोर्डवर रचली जातात आणि कीबोर्डवर सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे केलेले असतात. निसर्गाने दिलेला ग मात्र या तुकड्यांवर बसत नाही. सा शी 4 ला 5 असं नातं असलेला, तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गांधार आहे, त्याच्यापेक्षा कीबोर्डचा ग अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. त्यात 1997 पासून ऑटोट्यून आलं. गायकाचा प्रत्येक स्वर ओढून जवळच्या घरात बसवणारी ही सोय आता सर्रास वापरली जाते. अशा गाण्यांवर वाढलेला कान चौकटीत बसेल तेवढंच सुरात आहे असं मानू लागेल, ही भीती रास्त आहे. पेटीबद्दलही नेमकी हीच तक्रार होती. तिच्यावर आकाशवाणीने 1940 मध्ये बंदी घातली आणि ती 1971 मध्ये सैल केली. या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही, आणि त्यांच्यातले बरे गाणारे पेटीच्या पट्ट्यांमधल्या जागा गळ्याने घेत राहिले.

झरी जामणीच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. गोंडांचे परंपरागत गायक म्हणजे परधान. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा ते किंगरीच्या साथीने सांगत आले आहेत. किंगरी हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, त्याला पडदे नाहीत. बोट तारेवरून गळ्याच्या मागोमाग सरकतं आणि कीबोर्डच्या घरांमधल्या मोकळ्या जागेतूनही स्वर येतात. ऑटोट्यूनवर पोसलेल्या पोराने ते ऐकून 'म्हातारा बेसूर वाजवतो' असं म्हटलं तर नुकसान मोठं आहे. पण म्हणून त्याला चित्रपटगीतं ऐकू नको असं सांगणं जमणारं नाही, आणि त्याने किंगरीचा कानही येणार नाही. ज्याला आपल्या गाण्यातला ग बोट ठेवून दाखवता येतो, त्यालाच किंगरीचा स्वर त्या ग पासून किंचित अलीकडे आहे हे ऐकू येईल. ज्याला मुळात ग माहीत नाही त्याला दोन्ही नुसतेच आवाज. एक गाणं मोबाईलवर आणि त्यानंतर लगेच प्रत्यक्ष किंगरी, असं पाठोपाठ ऐकलं तर हा फरक कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर उमगतो.

ही वाट कुठवर जाते

भूप रागात पाच स्वर आहेत: सा रे ग प ध. देशकारातही हेच पाच. 'भाभी की चूडियाँ' (1961) मधलं, सुधीर फडके यांनी चाल दिलेलं आणि लता मंगेशकरांनी गायलेलं 'ज्योती कलश छलके' कुणी देशकारात घालतात, कुणी भूपात. वर सांगितलेल्या रीतीने कान तयार केलेला माणूस या गाण्याचे पाचही स्वर शोधेल, सा पासून त्यांची अंतरं सांगेल, म आणि नि नाहीत हेही ओळखेल. पण भूप ग वर रेंगाळतो, देशकार ध वर जोर देऊन वरच्या अंगाने फिरतो. कुठल्या स्वरावर किती थांबायचं, तिथे पोचायचं कुठून आणि तो सोडायचा कसा, यावर सगळं अवलंबून आहे. साडेतीन-चार मिनिटांच्या गाण्यात याची चुणूक मिळते, विस्तार मिळत नाही. तो ऐकायचा तर समोर बसून गाणारं कुणीतरी लागतं. तसं कुणी भेटलं की भूप आणि देशकार एकाच सा वरून पाठोपाठ म्हणून दाखवायला सांगावं आणि ग आणि ध या दोनच स्वरांवर कान ठेवावा.